नांगर किती खोल घालायचा? गहू, कडक थर आणि जमिनीच्या पोटातलं पाणी

सोयाबीन निघालं की गव्हाच्या तयारीबरोबर एक जुना वाद पुन्हा सुरू होतो. एक जण सांगतो, सबसॉयलर, म्हणजे जमीन खोलवर फोडणारा फण लावून दीड-दोन फूट खाली फोडा, गहू दणकून येईल. दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो, जमीन नांगरूच नका, नांगरून नांगरूनच तिचा कस गेला. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा तंत्र कायमच्या गादीवाफ्यांवर, मशागतीशिवाय पीक घेतं. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर कित्येक वर्षं विनानांगरणी शेतीबद्दल लिहीत-बोलत आले आहेत. दुसरीकडे कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत नांगरट आहेच, आणि ऊसपट्ट्यात सबसॉयलर आता नवलाचा राहिलेला नाही.

दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना आपापल्या शेतात फायदा दिसलेला असतो. म्हणूनच ऐकणारा गोंधळतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: खोल मशागतीचा गव्हाला फायदा होतो, पण जिथे मुळांच्या वाटेत खरोखर कडक थर आहे तिथेच, आणि तोही मुख्यतः पाणी तुटपुंजं असेल तेव्हा. थर नसताना केलेली खोल मशागत म्हणजे डिझेलचा खर्च. काही जमिनींत तर ती सरळ नुकसान करते.

## तीन अवजारं, तीन वेगळी कामं

'खोल नांगरट' म्हणताना आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली घालतो.

रोटाव्हेटर वरची चार ते सहा इंच माती बारीक करतो. काम झटपट होतं, रान पेरणीला लगेच तयार होतं, म्हणून तो घरोघरी पोचला. पलटी नांगर नऊ ते बारा इंच खाली जातो आणि माती उलटी करतो, म्हणजे खालची वर आणि वरची खाली. सबसॉयलर दीड ते दोन फूट जातो, पण माती उलटत नाही. एक जाड, मजबूत फण जमिनीतून ओढला जातो, खालचा थर तडकतो आणि प्रत्येक थर जवळपास आपल्याच जागी राहतो.

उलटणं वेगळं आणि फोडणं वेगळं. खोल मशागतीमुळे सेंद्रिय कर्ब कमी होतो, गांडुळं मरतात, खालची वाईट माती वर येते, या तक्रारी प्रामुख्याने उलटण्याबद्दलच्या आहेत. गव्हाच्या मुळांना वाट मिळते हा फायदा फोडण्याचा आहे. वादातले निम्मे लोक एकाबद्दल बोलतात आणि निम्मे दुसऱ्याबद्दल.

## कडक थर येतो कुठून?

वर्षानुवर्षं एकाच खोलीवर अवजार चाललं की त्याच्या तळाखालची माती दाबली आणि घासली जाते. रोटाव्हेटरची पाती फिरताना खालच्या ओलसर मातीला थापत जातात. पलटी नांगर चालवताना ट्रॅक्टरचं एक बाजूचं चाक तासात, म्हणजे नांगरलेल्या तळावरच चालतं. काही वर्षांत सहा ते दहा इंचांवर एक घट्ट पट्टी तयार होते. हाच कडक थर. वरून रान भुसभुशीत दिसत असतं, त्यामुळे तो लक्षातही येत नाही.

दुसरं कारण वजन. बैलजोडीने नांगरताना शेतात इतकं वजन कधी येतच नव्हतं. आज पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन टनांहून जड असतो, कंबाइन हार्वेस्टर त्याच्या कित्येक पट, आणि उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या तर वीस टनांच्या घरात जातात. टायर रुंद असले तर वरची माती थोडी वाचते, पण दाब किती खोल पोचणार हे एका आसावर एकूण किती भार आहे त्यावर ठरतं. उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेत दहा टनांच्या आसभाराने अनेक वर्षं प्रयोग झाले. दाब दीड फुटाच्या खाली पोचला आणि त्याचा परिणाम दहा वर्षांनंतरही पुरता गेला नाही. दरवर्षी गोठणारी आणि वितळणारी जमीन असूनही ही गत.

यात ओल सगळ्यात घातक. कोरडी माती भार पेलते, ओली माती दबते. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात घाईने सोयाबीन काढताना वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी अवस्था, न पाहता हार्वेस्टर घातला, तर त्या एका दिवसाचं नुकसान पुढच्या कित्येक हंगामांना भोवतं. आणि चाकामुळे होणाऱ्या दाबाचा मोठा भाग पहिल्याच फेरीत होतो.

## गव्हाच्या मुळांचं काय होतं?

गव्हाला मुळांचे दोन संच असतात. बी उगवताना फुटणारी पाच-सहा बारीक मुळं सरळ खाली जातात. पेरणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी जमिनीलगतच्या कांड्यातून मुकुटमुळं फुटतात. ती आधी वरच्या थरात पसरतात. पहिलं पाणी अठरा ते एकवीस दिवसांनी देण्याचा आग्रह याच मुकुटमुळांसाठी असतो. मोकळ्या, खोल जमिनीत गव्हाची मुळं एक मीटर आणि त्याहून खाली जातात.

मुळाला पुढे सरकायला माती बाजूला ढकलावी लागते. मातीचा हा विरोध मोजायला टोकदार दांड्याचं एक यंत्र असतं. विरोध दोन मेगापास्कलच्या, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण वीस किलोच्या वर गेला की बहुतेक पिकांची मुळं जवळपास अडतात. मग ती जाड होतात, वाकडी होतात आणि थरावरून आडवी पसरतात.

याचा अर्थ पाण्याच्या हिशेबात लावून पाहू. भारी काळ्या जमिनीचा एक मीटर थर पिकाला घेता येईल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरतो. मधला १८० चा आकडा धरला, तर २५ सेंटिमीटरवर अडलेल्या मुळांच्या वाट्याला येतं ४५ मिलिमीटर. मुळं ६० सेंटिमीटरपर्यंत पोचली तर १०८. मधला फरक ६३ मिलिमीटरचा, म्हणजे एकरी अडीच लाख लिटर पाणी. ते शेतातच आहे, पावसाने फुकट दिलेलं आहे, आणि पिकाला मिळत नाही. छतावरची टाकी काठोकाठ भरलेली असावी आणि नळाची तोटी मात्र वरच्या पाव भागातच बसवलेली असावी, तसा हा प्रकार.

गहू भरात असताना रोज साडेतीन-चार मिलिमीटर पाणी पितो आणि आवाक्यातला साठा निम्मा संपला की त्याला ताण बसू लागतो. या ढोबळ हिशेबाने पहिल्या शेतात पाणी दिल्यावर सहा-सात दिवसांतच ताण सुरू होईल, दुसऱ्यात दोन आठवडे तरी निभेल. भारी जमिनीत गव्हाला साधारण एकवीस दिवसांच्या अंतराने पाणी द्या असं आपण सगळेच ऐकतो. मुळं खोल गेली आहेत हे गृहीत धरूनच ही शिफारस चालते. थर असलेल्या शेतात तीच पाळी पाळली तर दोन पाण्यांच्या मधले जवळपास दोन आठवडे पीक तहानलेलं राहतं, आणि दोष मात्र बियाण्याला किंवा हवामानाला जातो. निफाडच्या संशोधन केंद्राचा 'नेत्रावती'सारखा मर्यादित पाण्यासाठीचा वाण घेतला तरी त्याच्या मुळांना खाली जायला वाट हवीच.

उलटा त्रासही याच थराचा. पाणी दिल्यावर ते खाली झिरपत नाही, थरावर साचून राहतं. मुळांना हवा मिळत नाही आणि चार दिवसांत गहू पिवळा पडतो. शेतकरी नत्र कमी पडलं समजून युरिया टाकतो. म्हणजे एकाच शेतात आज पाण्याने गुदमरणं आणि दहा दिवसांनी पाण्यावाचून सुकणं.

## मग उत्पादन वाढतं तरी किती?

इथे जाहिरातींपेक्षा प्रयोगांकडे पाहिलेलं बरं. जर्मनीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये जगभरातले, मुख्यतः समशीतोष्ण देशांतले, खोल मशागतीचे प्रयोग एकत्र तपासले. ६७ ठिकाणं, दीड हजाराहून अधिक तुलना. सरासरी वाढ निघाली फक्त ६ टक्के. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुमारे ४० टक्के तुलनांमध्ये खोल मशागतीनंतर उत्पादन घटलं होतं.

पण ज्या जमिनींत मुळांना अडवणारा थर खरोखर होता, तिथे वाढ २० टक्क्यांच्या आसपास होती. आणि वर्ष जितकं कोरडं, तितका फायदा मोठा. याउलट पोयट्याचं प्रमाण ७० टक्क्यांहून जास्त असलेल्या जमिनींत घट होण्याचा धोका वाढला, कारण तिथली मोकळी केलेली माती लवकर बसते.

कोरड्या वर्षात फायदा जास्त का, याचं उत्तर सोपं आहे. तोच थर ओला असताना मऊ असतो आणि वाळला की कठीण होतो. भरपूर पाणी मिळणाऱ्या शेतात तो बराच काळ मऊ राहतो, मुळं त्यातून कशीबशी पार होतात, शिवाय पाणी वरूनच मिळत असल्याने खाली जाण्याची फारशी गरजही नसते. पाण्याची पाळी लांबली की थर आवळतो, आणि नेमकं तेव्हाच मुळांना खाली जायचं असतं. त्यामुळे चार-पाच पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला सबसॉयलरने काहीच फरक पडला नाही आणि दोन पाण्यांवर गहू घेणाऱ्या त्याच्या शेजाऱ्याला मोठा फरक दिसला, तर दोघंही खरंच बोलत असतात.

उत्तर चीनच्या मैदानातली कथा आपल्या खूप जवळची आहे. गहू आणि मका अशी वर्षातून दोन पिकं, मधे वेळ नाही, म्हणून वर्षानुवर्षं फक्त रोटाव्हेटर. मुळांना मिळणारा मोकळा थर उथळ होत गेला. तिथल्या सरकारने मग माती न उलटता खोल फोडण्याला अनुदान दिलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गहूपट्ट्यातल्या खोल रेताड जमिनींत फणाने खोल फोडण्याचा चांगला फायदा दिसला, पण भारी चिकण मातीत तसा भरवशाचा निकाल मिळाला नाही. ज्यांच्याकडे काळी जमीन आहे त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

## 'काळी जमीन उन्हाळ्यात आपोआप भेगाळते, मग फोडायची कशाला?'

हा आक्षेप अगदी बरोबर आहे, पण त्याला एक अट आहे. आपल्या काळ्या मातीतली चिकण ओल मिळताच फुगते आणि वाळताच आकसते. एप्रिल-मेमध्ये हात जाईल अशा भेगा पडतात, त्या दोन-तीन फूट खाली जातात, पहिल्या पावसात वरची भुसभुशीत माती त्यांत पडते. निसर्गाची ही मशागत फुकट आणि कोणत्याही नांगराहून खोल असते. जी काळी रानं खरीप-रब्बीनंतर पूर्ण उन्हाळा मोकळी वाळतात, तिथे सबसॉयलरची गरज फार क्वचित पडते, असं मला स्पष्टपणे म्हणावंसं वाटतं.

मात्र जमीन पुरती वाळली तरच हे घडतं. ऊस, त्याचा खोडवा, मग गहू, त्यावर उन्हाळी भुईमूग किंवा भाजीपाला अशी बारमाही ओलिताची रानं नीट वाळतच नाहीत. भेगा पडत नाहीत, आणि वर्षभर ओल्या मातीवर जड वाहनं फिरत राहतात. शिवाय भेगा पडल्या तरी दोन भेगांमधला गठ्ठा आतून घट्टच राहू शकतो. खड्डा खणून पाहिलं तर मुळं गठ्ठ्याच्या बाहेरच्या अंगाने दाटलेली दिसतात आणि आतला भाग रिकामा.

## 'पंजाब-हरियाणात न नांगरता गहू पेरतात, त्यांचं उत्पादन तर जास्त!'

खरं आहे. भात कापल्यावर नांगरट न करता थेट गहू पेरण्याचं तंत्र तिथे मोठ्या क्षेत्रावर रुजलं. गंमत म्हणजे कडक थराचं सर्वात ठळक उदाहरणही तिथलंच. भातासाठी चिखलणी करताना सहा-आठ इंचांवर मुद्दामच घट्ट थर बनवला जातो, म्हणजे पाणी साचून राहतं. भाताला उपयोगी पडणारा हा थर पुढच्या गव्हाला अडसर होतो.

तरीही विनानांगरणीचा गहू तिथे चांगला येतो, त्याचं मोठं कारण वेळ आहे. नांगरट आणि कुळवणीत जाणारे दिवस वाचले की पेरणी लवकर होते, आणि शेवटी दाणे भरताना पडणाऱ्या उष्णतेच्या तडाख्यातून पीक सुटतं. जोडीला खात्रीचं पाणी आणि लांब थंडी. थर तिथे गेलेला नसतो, पाण्याच्या भरवशावर झाकला गेलेला असतो. म्हणूनच तिथेही काही वर्षांतून एकदा खोल फणाने थर फोडण्याचा सल्ला दिला जातो.

वेळेचा हा मुद्दा आपल्याकडे तर जास्तच लागू आहे, कारण आपली थंडी आखूड. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. त्यानंतरच्या दर पंधरवड्याच्या उशिरामागे हेक्टरी अडीच क्विंटल घट धरली जाते. सोयाबीन काढून ऑक्टोबरच्या ओल्या रानात नांगर घातला, डोक्याएवढी ढेकळं निघाली, ती वाळून फुटेपर्यंत तीन आठवडे गेले, तर खोल मशागतीने जे मिळणार होतं ते पेरणीच्या उशिराने आधीच खाल्लं.

## कुठे अजिबात करू नये?

पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, खालच्या थरात सोडियम जास्त आहे. पलटी नांगराने ती माती वर आणली की पाऊस पडताच वर चोपण पापुद्रा धरतो आणि उगवणच मार खाते. तिथे आधी माती परीक्षण करून जिप्समचा विचार करावा.

जिथे फूट-दीड फुटावर चुनखडी आहे तिथेही खालची माती वर आणू नये. चुनखडी वर आली की लोह आणि जस्त पिकाला नीट मिळत नाही, पानं पिवळी-पांढुरकी पडतात. आणि ज्या हलक्या रानात वीतभर मातीखाली मुरूम आहे, तिथे खोल नांगराने फक्त दगड वर येतात.

## आपल्या रानात थर आहे का?

यंत्र भाड्याने आणण्याआधी तासभर यासाठी द्यावा. एक बोटभर जाडीची लोखंडी सळई घ्या, टोक थोडं निमुळतं करा, आणि रान वाफशावर असताना हातानेच एकसारखा जोर लावत आत घाला. थर असेल तर सळई काही इंच सहज जाते, मग अडते, आणि थर पार झाला की पुन्हा हलकी होते. शेतात ठिकठिकाणी करा, बांधाजवळच्या कधीच चाक न गेलेल्या जागीही करा. दोन्हीकडचा फरक हाताला कळतो. कोरड्या रानात ही तपासणी करू नका. काळी माती वाळल्यावर सगळीकडेच कठीण लागते.

मग एक दोन फुटी खड्डा. मातीच्या चकत्या सुटतात का, मुळं एका पातळीवर आडवी वळली आहेत का, ते पाहा. तुरीचं किंवा कपाशीचं धसकट उपटून पाहणं तर सगळ्यात सोपं: सोटमूळ सरळ खाली न जाता काटकोनात वळलेलं असेल, तर ते ज्या खोलीवर वळलं तिथे तुमचा थर आहे.

## फोडायचाच असेल तर

वेळ उन्हाळ्याची, एप्रिल-मेची. माती कोरडी असेल तरच थर तडकतो. ओल्या मातीत फण नुसती चीर पाडत जातो आणि चिरेच्या भिंती घासून आणखी गुळगुळीत करतो. खोली थराच्या तळाखाली दोन इंच, बस. थर दहा इंचांवर संपत असेल तर दोन फूट जाण्यात डिझेल जळतं, आणि ठरावीक खोलीच्या खाली गेलेला फण माती उचलण्याऐवजी बाजूला दाबतो. फणाच्या दोन ओळींमधलं अंतर साधारण काम करण्याच्या खोलीइतकं ते दीडपट. ट्रॅक्टर पन्नास अश्वशक्ती किंवा त्यावरचा हवा.

फोडून झालेली जमीन सर्वात नाजूक असते. त्यावरून लगेच भरलेली ट्रॉली नेली तर पहिल्यापेक्षा घट्ट थर होऊ शकतो. म्हणून खरिपात त्या रानात ताग, धैंचा किंवा तूर घ्यावी. तडकलेल्या भेगांत मुळं उतरली की वाट टिकते. शेणखत, पिकांचे अवशेष रानातच ठेवणं, वाहनांना ठरलेल्या वाटा आखून देणं, या गोष्टी केल्या तर पुन्हा फोडण्याची वेळ लवकर येत नाही. काहीच केलं नाही तर दोन-तीन वर्षांत थर पुन्हा तयार होतो. आणि इथेच विनानांगरणीवाल्यांचं म्हणणं मला पटतं: एकदा थर मोकळा झाल्यावर दरवर्षी नांगरत राहण्यापेक्षा मुळांना आणि गांडुळांना काम करू देणं केव्हाही स्वस्त. थर घट्ट असताना एकदम नांगर सोडून देणाऱ्यांची पहिली काही वर्षं मात्र खडतर जाऊ शकतात.

पहिल्या वर्षी सगळं शेत फोडू नका. मधोमध ट्रॅक्टरच्या दोन-तीन फेऱ्यांच्या रुंदीचा एक पट्टा तसाच ठेवा, वाण, खत आणि पाणी दोन्हीकडे सारखंच द्या. जानेवारीत पाण्याची पाळी लांबली की दुपारी कोणत्या बाजूची पानं आधी गुंडाळतात ते पाहा, आणि काढणीला दोन्हीकडच्या सारख्या मापाच्या तुकड्यांचा गहू वेगळा मळून तोलून घ्या. पट्टा बांधाकडेचा किंवा झाडाखालचा निवडू नका, तिथे गहू तसाही वेगळा येतो.